कोयत्याचं घर

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्यामध्ये खुटबाव हे लहानसं स्टेशन आहे. दौंड तालुक्याचा हा भाग खडकवासल्याच्या कालव्याने आणि मुळा-मुठेच्या पाण्याने उसाचा झाला. पाटसचा भीमा, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा, आलेगावचा दौंड शुगर असे कारखाने याच तालुक्यात आहेत, आणि कारखान्याची वाट न बघता ऊस गाळणारी गुऱ्हाळंही आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडच्या टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात आणि फड सुरू होतो. या धंद्यात टोळीची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर अर्धा. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि हिशेब मांडतो तोही कोयत्यावरच. ज्या हत्याराच्या नावाने माणूस मोजला जातो, त्या हत्याराला ठेवायला मात्र या धंद्यात जागा नाही. आपल्याकडे चष्म्याला घर असतं, तबल्याला गवसणी असते, तलवारीला म्यान असतं, अडकित्ता चंचीत जातो. ऊसतोडीचा कोयता मात्र जन्मभर उघडाच असतो: हातात, मोळीत खोचलेला, पाचटावर टाकलेला, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चिंध्या-भांड्यांच्या बोचक्यात.

घराबाहेर वापरायच्या धारदार हत्याराचं म्यान कसं निवडावं आणि ते अंगावर कुठे बाळगावं, हा प्रश्न हल्ली शहरातल्या भटक्यांना पडतो. सह्याद्रीत हिंडणारा तरुण चाकू घेताना पोलाद कोणतं, पात्याची जाडी किती, मूठ लाकडाची की रबराची याची बारीक चौकशी करतो. म्यान चाकूबरोबर जे येईल ते घेतो. उसाच्या फडात तर म्यानाचा विषयच निघत नाही. दोन्हीकडची चूक एकच आहे. हत्यार कापण्याच्या वेळेवरून निवडलं जातं, पण बाळगण्याच्या वेळेचा विचार होत नाही. माझं म्हणणं असं, की म्यान हा हत्याराचा दागिना नाही, हत्याराचाच अर्धा भाग आहे. आणि तो पात्याच्या ऐटीवरून ठरू नये. ज्या अंगावर तो राहणार त्या अंगाच्या बसण्या-उठण्यावरून, कपड्यांवरून, वाटेवरून आणि ओलीवरून ठरावा.

कारण साधं आहे. कापताना पात्यावर नजर असते. हात, डोळा आणि धार यांची त्या वेळी एकमेकांशी बोलणी चालू असतात. काम थांबलं की नजर हलते, पण धार तशीच राहते. पाचटात पडलेला कोयता दिसत नाही, आणि फडात अनवाणी पोरं हिंडत असतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या माणसाच्या कमरेला खोचलेलं पातं त्याला स्वतःलाच दिसत नाही. मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवरचं विळ्याचं टोक खड्ड्यात गाडी आदळेपर्यंत निरुपद्रवी असतं. म्हणजे धोका कापण्यात जितका आहे, त्याहून अधिक दोन कापण्यांच्या मधल्या वेळात आहे; आणि हा मधला वेळ ज्याच्या ताब्यात असतो तेच म्यान. त्याची कामं तीन: माणसाला धारेपासून वाचवणं, धारेला दगडमातीपासून वाचवणं, आणि हत्यार जिथे ठेवलं तिथेच हाताला सापडेल असं धरून ठेवणं. पहिलं काम सगळ्यांना कळतं. दुसरं लोहाराला आणि कानस चालवणाऱ्याला कळतं. तिसऱ्याकडे मात्र सहसा कोणी बघत नाही, आणि बहुतेक म्यानं तिथेच नापास होतात.

आपल्या पूर्वजांना ही तिन्ही कामं ठाऊक होती, याची साक्ष जुनी तलवारीची म्यानं देतात. लाकडाच्या दोन पातळ फाका आतून कोरून एकमेकींना चिकटवायच्या, वरून चामडं किंवा मखमल चढवायची, अशी ती रचना. म्यानाच्या तोंडाशी धातूची मोहनाळ आणि तळाच्या टोकाला तहनाळ. या दोन्हींवर नक्षी असायची म्हणून आपण त्यांना शोभा समजतो. पण धातू नेमका याच दोन ठिकाणी का बसवला, हे पाहिलं की रचनेमागची अक्कल दिसते. पातं आत-बाहेर करताना धार घासते ती तोंडाशी. वरून आपटल्यावर टोक भोक पाडतं ते तळाशी. म्यान फुटलंच तर या दोन जागी फुटतं, म्हणून तिथे धातू. गुरख्यांच्या खुकरीचं म्यानही याच तत्त्वाचं: आत लाकूड, वर चामडं, टोकाला धातूची टोपी, आणि मागच्या बाजूला दोन छोट्या पात्यांना जागा. त्यातलं एक बारीक कामाला, तर दुसरं बोथट, मोठ्या पात्याची धार सारखी करायला. खुकरी उपसताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, बोटं धारेच्या बाजूला गुंडाळायची नाहीत, हा तिथला पहिला धडा. म्यान आतून चिरलं गेलं असेल तर धार शिवणीतून बाहेर येते आणि धरणाऱ्याच्याच बोटांवर फिरते. आज बाजारातलं कोणतंही शिवलेलं म्यान पारखताना हेच पाहावं. धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याची तिसरी पट्टी घातली आहे का? ती असेल तर धार पट्टीवर घासते, दोऱ्यावर नाही. नसेल तर ते म्यान कितीही देखणं असो, दोरा तुटायचाच.

आता प्रश्न येतो अंगावर कुठे बाळगायचं हा. इथे आपण बाहेरची रीत डोळे मिटून उचलतो. आज विकत मिळणारं बहुतेक म्यान एका गृहीतावर बेतलेलं असतं: माणसाच्या कमरेला रुंद चामडी पट्टा आहे, त्याच्या अंगात पँट आहे, आणि तो उभा आहे किंवा खुर्चीवर बसला आहे. ज्या देशांत हे म्यान घडलं तिथे ते गृहीत खरंच होतं, आणि त्यांनी त्यातही फरक केले. फिनलंडच्या पुक्को चाकूचं म्यान पट्ट्याला घट्ट बांधलेलं नसतं, चामड्याच्या वेढ्यातून लोंबतं. माणूस बसला की ते बाजूला झुलून मोकळं होतं आणि टोक कुशीत टोचत नाही. चाकू पडू नये म्हणून म्यान मुठीचाही बराचसा भाग गिळतं. आपल्याकडे जमिनीवरच्या बैठकीत कट्यार शेल्यात पोटापाशी खोचली जाई. मांडी घातलेल्या माणसाच्या बाजूला लांब वस्तू अडते, पोटापुढे मात्र हात सहज पोचतो. कट्यारीचं म्यान आखूड आणि शेला भरपूर गुंडाळलेला, म्हणून ते जमलं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी आधी बसण्याची रीत, मग म्यानाची. आपल्या शेतातली बसण्याची रीत कोणती? उकिडवी. निंदणी, खुरपणी, कांद्याची लावण-काढणी हे सगळं उकिडवं बसून होतं. उकिडव्या माणसाच्या कमरेला उभं लटकवलेलं वीतभर म्यान मांडी आणि पोट यांच्या सांध्यात येतं, वर सरकतं आणि मूठ बरगडीत रुतते. ही चूक माणसाची नाही, उभ्या माणसासाठी कापलेल्या म्यानाची आहे.

याला आपलं स्वतःचं उत्तर आहे, आणि ते घाटाखाली आहे. कोकणातला कुणबी, ठाणे-पालघर-रायगडकडचा आदिवासी कमरेला दोरीने लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता मागच्या बाजूला अडकवतो. गोव्यात माडाचा रस काढणारा रेंदेरही आपली काती कमरेमागेच बाळगतो. या आकडीला तळ नाही, बाजू नाहीत, झाकण नाही. नुसता कोरलेला लाकडाचा तुकडा आणि त्यातली खाच. पारखणाऱ्या नजरेला ती अर्धवट वाटेल. पण तिच्यात जे सोडून दिलं आहे ते विचारपूर्वक सोडलेलं आहे. झाडावर चढणाऱ्याची छाती आणि पोट खोडाला भिडलेलं असतं, म्हणून पुढची बाजू मोकळी हवी. दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून हत्यार एका हाताने, न बघता, निघायला आणि परत जायला हवं. पावसाळा चार महिन्यांचा, म्हणून पाणी साठवणारं चामडं नको. कोयत्याच्या पात्याला बाक आहे आणि तो बाकच त्याला खाचेत अडकवून धरतो, म्हणून बंद नको, बटण नको. कमरेला पट्टा नाही, करगोटा किंवा दोरी आहे, म्हणून ती दोरीनेच बांधली जाते. अंग, कपडा, काम, हवा आणि पात्याचा आकार या पाचही प्रश्नांना एका लाकडाच्या तुकड्याने दिलेलं हे उत्तर आहे.

मग खुटबावच्या फडात आकडी का आणू नये? इथेच निवडीची खरी परीक्षा आहे, कारण एका ठिकाणचं उत्तम उत्तर दुसरीकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. आकडीत धार उघडी राहते. पायी चालणाऱ्या आणि झाडावर चढणाऱ्या माणसाला ते परवडतं, कारण तो मागे कुठे टेकत नाही. फडातला मजूर मात्र कामावर जातो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून, किंवा मोटारसायकलवर तिघं मिळून. तिथे कमरेमागे उघडं पातं म्हणजे मागच्याच्या पोटाशी धार. शिवाय पाठीच्या कण्यावर टणक वस्तू बांधून गाडीवरून पडणं हे पातं झाकलेलं असलं तरी वाईटच. म्हणून आकडीचा धडा घ्यायचा, आकडी जशीच्या तशी नाही. तो धडा असा: फडात उघडं आणि हाताशी, वाटेवर झाकलेलं आणि अंगापासून दूर. एकाच वस्तूने दोन्ही कामं करायचा हट्ट धरला की दोन्ही बिघडतात.

यात आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. कोयता म्हणजे जोडी, आणि जोडीतली अर्धी बाई आहे. तीही तोडते, पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. तिच्या अंगावर साडी आणि वरून पुरुषी शर्ट असतो. पट्टा नाही, खिसा नाही, आणि असला तरी तो छातीपाशी, जिथे उघडी धारदार वस्तू कधीच ठेवू नये. खुरपं कमरेला खोचायची जुनी सवय आहे, पण खुरप्याचं पातं छोटं आणि कोयत्याचं तळहाताएवढं रुंद. तिच्यासाठी म्यानाचा विचार आजवर कोणत्याही कारखानदाराने केलेला दिसत नाही, परदेशी नाही आणि देशीही नाही. पण उत्तर अवघड नाही. शर्टावरून बांधायचा, दोन बोटं रुंद नायलॉनचा पट्टा आणि त्याला प्लॅस्टिकची चापाची कडी. त्याच पट्ट्याला उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागे कोयता अडकवायची खाच. डोक्यावर मोळी असताना मान आणि दोन्ही हात गुंततात. तोल गेला तर शरीर पुढे किंवा मागे जातं, बाजूला कमी. म्हणून जागा कुल्ह्याची: पोटावर नाही, कण्यावर नाही, आणि मांडीच्या आतल्या अंगाला तर कधीच नाही. मांडीतली मोठी रोहिणी तिथून जाते, आणि ती कापली गेली तर काही मिनिटांत जीव जातो.

म्यान कशाचं करावं, हा पुढचा प्रश्न. चामड्याला मान आहे आणि तो रास्त आहे. पण चामडं आणि चामडं यांत फरक आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसलं चामडं ओलं करून पात्यावर बसवलं की वाळताना त्याचा आकार घेतं आणि हत्यार नुसत्या पकडीने धरून ठेवतं. क्रोमने कमावलेलं मऊ चामडं पर्सला चांगलं; ते आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार ओलीबरोबर लोखंड खातात. एकेकाळी या पट्ट्यातल्या गावागावांत चामड्याचं काम होतं, कारण विहिरीवर मोट होती. मोट फाटली की ती शिवणारा बलुतेदार होता, आणि त्याच्याच हातून आसूड, वहाणा, पट्टे व्हायचे. विजेचे पंप आले, मोट गेली, आणि गावातलं चामड्याचं कसबही तिच्या पाठोपाठ गेलं. कोयत्याला म्यान शिवून मागावं तर आज जवळपास कोणाकडे मागणार? आणि शिवून मिळालं तरी उसाच्या फडात ते टिकणार नाही. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, चिकट असतो, आणि त्यावर माती बसते. रस लागलेलं पातं रोज चामड्यात घातलं तर चामडं तो रस पिऊन रात्रभर पात्याला लावून ठेवतं. कोयता साध्या पोलादाचा, पुष्कळदा गाडीच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून लोहाराने काढलेला. त्याला गंज चढायला एक दमट रात्र पुरते.

म्हणून जे म्हणतात की म्यानात घातलं की गंज चढतो, त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते चामड्याबद्दल आणि तळ बंद असलेल्या म्यानाबद्दल खरं आहे. त्यावर तोडगा म्यान टाकून देणं हा नाही, ओल न धरणारं आणि तळाला भोक असलेलं म्यान करणं हा आहे. परदेशी चाकूंना आज कायडेक्स नावाच्या प्लॅस्टिकचं म्यान मिळतं. रोम अँड हास या कंपनीने 1965 मध्ये ते विमानांच्या आतल्या भागासाठी बनवलं होतं. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं ते मिश्रण आहे. तापवलं की मऊ होतं, पात्यावर दाबलं की त्याचा आकार घेतं, पाणी पीत नाही. स्वीडनमधल्या मोरा परिसरातले कामाचे चाकू साच्यात ओतलेल्या साध्या प्लॅस्टिकच्या म्यानात येतात. यात ऐट काही नाही, पण तिथला सुतार, कोळी, सैनिक तेच वापरतो. आणि कायडेक्सचा चुलतभाऊ खुटबावच्या प्रत्येक बांधावर पडलेला आहे, तो म्हणजे पीव्हीसीचा पाइप. उकळत्या पाण्यात बुडवला की तो मऊ होतो. पात्याच्या आकाराची लाकडी पट्टी आत घालून दोन फळ्यांमध्ये दाबला आणि गार केला की चपटं, टणक म्यान तयार. विस्तवावर मात्र धरू नये. पीव्हीसी करपलं की निघणारा धूर घशाला आणि फुप्फुसाला घातक असतो. पाणी पुरतं.

पण सरळ पात्याला जे जमतं ते कोयत्याला जमत नाही, आणि कोयत्याला आजवर घर न मिळण्याचं एक खरं कारण हेही आहे. त्याचं पातं पुढे रुंद होत जातं आणि टोकाशी वळतं. असं पातं सरळ आत सरकवायचं तर म्यानाचं तोंड पात्याच्या सगळ्यात रुंद भागाएवढं हवं, आणि मग बाकीचं पातं आत खुळखुळतं. म्हणून कोयत्याला पूर्ण म्यानाची गरजच नाही. त्याला धारेवर चढवायची खोळ हवी. पाण्याच्या जाड रबरी नळीचा पात्याच्या धारेएवढा तुकडा घ्यावा, त्याला एका बाजूने उभी चीर द्यावी, धारेवर चढवावा, आणि पात्याच्या पाठीवरून सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी आवळावा. ठिबकची 16 मिलिमीटरची जुनी लॅटरलही चालते, पण तिची भिंत पातळ, म्हणून एकात एक अशी दुहेरी घालावी. खालचं टोक उघडं ठेवावं म्हणजे रस आणि पाणी निथळतं. ही खोळ एका हाताने निघते, खिशात किंवा पट्ट्यात अडकवता येते, हरवली तर नवी करायला काही लागत नाही. तिची परीक्षाही सोपी आहे. खोळ चढवलेला कोयता उलटा धरून जोरात हलवावा. खोळ सुटली नाही तर ट्रॉलीच्या धक्क्यातही सुटणार नाही. हीच परीक्षा शहरातल्या भटक्यानेही दुकानातल्या महागड्या म्यानाची घ्यावी.

सरळ पात्याच्या चाकूबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. गडावर चढणाऱ्याच्या पाठीवर पिशवी असते आणि तिचा पट्टा कमरेवर आवळलेला असतो. त्याच्या खाली चाकू लटकवला की चालताना तो मांडीवर आपटतो. त्याने चाकू पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात, मूठ वर करून, बांधून ठेवावा. वाटेवर त्याला चाकू दर घटकेला लागत नाही. गळ्यात दोरीने चाकू अडकवायची हौस काहींना असते. झाडाझुडपांत ती दोरी फांदीत अडकते आणि खाली वाकलं की पातं पुढे झुलतं. झटक्याने सुटणारी दोरी नसेल तर ही पद्धत वर्ज्य समजावी. नदीकाठी जाळं सोडवणाऱ्याला मात्र चाकू छातीच्या उंचीवर हवा, कारण कमरेखाली पाणी असतं. मेंढरांमागे दिवसभर चालणाऱ्या धनगराने कुऱ्हाड खांद्यावर घेतली तर ती उघडी चालते, कारण ती काठीचंही काम करते आणि त्याचा हात तिला सोडत नाही. पण वाड्यावर रात्री तिच्या पात्याला खोळ हवी. प्रत्येक वेळी उत्तर बदलतं, प्रश्न मात्र तेच राहतात: अंग कसं बसतं, काय नेसलं आहे, वाट कोणती, ओल किती, पात्याचा आकार कसा.

आता आक्षेप. पहिला सगळ्यात वजनदार आहे: मजुरी टनावर मिळते, आणि खोळ काढण्या-घालण्यात वेळ कोण घालवणार? हा आक्षेप मजुराच्या पोटातून येतो, त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. पण हिशेब नीट मांडला तर तो टिकतही नाही. तोडणी चालू असताना खोळ घालायचीच नाही. ती घालायची फडावर येताना, फडावरून जाताना, आणि मोळ्या भरायला लागल्यावर. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दोन-चार क्षण. त्याच्या बदल्यात कोयता दगडावर, ट्रॉलीच्या लोखंडावर आपटून बोथट होत नाही, म्हणजे कानशीवर घालवायचा वेळ वाचतो. धार जपली की टन वाढतो. हे मजुराला कोणी शिकवायला नको. आणि तळहाताला किंवा पिंढरीला जखम झाली तर बुडालेल्या दिवसांची उचल अंगावरच राहते.

दुसरा आक्षेप बिबट्याचा. दौंड-शिरूर पट्ट्यात ऊस हेच बिबट्याचं रान झालं आहे; अशा फडात कोयता झाकून कसा ठेवायचा, तो हाताशी उघडाच हवा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. भीती खरी आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली, आणि त्यानंतर तिथले शेतकरी गळ्यात काटेरी पट्टे घालून शेतात जाऊ लागल्याच्या बातम्या आल्या. पण त्या पट्ट्यांकडे नीट पाहिलं तर ते माझाच मुद्दा मांडतात. बिबट्या मागून, आवाज न करता येतो आणि मान धरतो. कोयता हातात असूनही उपसायला, वळायला, मारायला जो क्षण लागतो तो मिळत नाही. शेतकऱ्यांनी हत्यार वाढवलं नाही, अंगावर आधीपासून असेल अशी वस्तू घातली. ज्याला उपसावं लागत नाही तेच अशा वेळी वाचवतं: गळ्यातला पट्टा, सोबतची माणसं, बॅटरी, आवाज. उघड्या कोयत्याने बिबट्या टळत नाही. घाबरून पळताना माणूस आपल्याच कोयत्यावर पडण्याचा धोका मात्र वाढतो.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि तो गेल्या काही वर्षांत तिखट झाला आहे. शस्त्र अधिनियम 1959 खालच्या नियमांच्या अनुसूचीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ऊसतोडीचा कोयता रुंदीने त्या मापाबाहेर जातो, पण तो शेतीचा आहे. असं असलं तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात हत्यार घेऊन फिरण्यावर बंदी येते. 2022 च्या अखेरीस आणि 2023 च्या सुरुवातीला पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला, आणि शेतकऱ्याच्या अवजाराचं नाव गुंडगिरीला चिकटलं. म्यान घातल्याने कायदा बदलत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कायदा राबवणारा हवालदार माणूस असतो, आणि रस्त्यावरचा प्रवासीही माणूसच. खोळ घालून, पोत्यात बांधून, कामाच्या इतर सामानाबरोबर ठेवलेला कोयता अवजार दिसतो. हातात उघडा मिरवलेला तोच कोयता हत्यार दिसतो. ज्यांच्या पोटाचा तो आधार आहे, त्यांनीच त्याची अब्रू राखायची आहे.

शेवटचा आक्षेप असा, की ऊसतोडणी यंत्रं आली आहेत, कोयता जाणारच आहे, मग त्याच्या घराची काळजी कशाला? यंत्र मोठ्या, सलग, रुंद सरीच्या रानात चालतं. तुकड्यातुकड्यांच्या रानात आणि गुऱ्हाळाच्या उसाला हात लागतो तो कोयत्याचाच, आणि तो एका हंगामात जाणार नाही. जोवर कोयता आहे तोवर त्याच्या शेजारी पाय आहेत, बोटं आहेत, पोरं आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून काय काय करायला हवं याची यादी मोठी आहे, आणि शाळा, दवाखाना, विमा यांच्या पुढे धारेवरची खोळ फार लहान गोष्ट आहे. पण ती यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्टही आहे, आणि तिच्यासाठी ना निविदा लागते ना इमारत. हंगामाच्या तोंडावर मुकादमाने उचलीबरोबर प्रत्येक कोयत्यामागे दोन खोळी आणि दोन पट्टे द्यावेत; कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याने ते दिले की नाही एवढं फडावर बघावं. एका कोयत्यात माणसं दोन असतात, म्हणून खोळीही दोन.

खंडेनवमीला आपण अवजारं धुतो, त्यांना हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो. खंडेनवमी होऊन गेली की टोळ्या निघतात. ज्यांच्या रानात त्या उतरणार असतील त्या शेतकऱ्यांनी बांधावर पडलेली जुनी नळी जाळू नये. तिचे हातभर तुकडे करून, उभी चीर देऊन, टोळीच्या हवाली करावेत.